गवताखालची रेघ

मुलगी तिसरीत गेली त्या उन्हाळ्यात माझी नोकरी सुटली. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी गिअर तपासायचो. दात नीट कापले गेलेत का, कुठे बारीक चीर आहे का, एवढं पाहायचं आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा. मग बाहेरच्या देशातल्या एका कंपनीशी करार झाला, नवी यंत्रं आली, ती आपलं आपण तपासून घ्यायला लागली, आणि एक दिवस आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवून स्वेच्छानिवृत्तीची योजना वाचून दाखवली गेली. वाचणाऱ्या साहेबांचा आवाज मध्येच बसला, ते पाणी प्यायले, आणि पुन्हा वाचायला लागले. मी सही केली. घरी येऊन बायकोला म्हणालो, "नोकरी सुटली."

ती म्हणाली, "हातपाय धुवून घ्या. चहा टाकते."

आम्ही पुण्यात विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, एका सोसायटीत राहायचो. बायको पोस्टात काउंटरवर होती. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक गोष्ट पक्की होती. पोरांनी शिकायचं, आणि अडलं तर कोणालाही विचारायला लाजायचं नाही. वडील त्यामुळे लष्करी कारखान्यात फिटर झाले, मी मराठी शाळेतून दहावी करून आयटीआय केलं, आणि आमची मुलगी घरातली पहिली इंग्रजी शाळेत गेली. तिच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच पहिली होती. तेव्हा आमच्या रस्त्यावर दर दोन इमारती सोडून कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की इंग्रजी आलं की झालं.

शाळा सुरू झाल्यावर बायकोने एका सकाळी डबा भरता भरता सांगितलं, "आता तुम्ही घरी आहात, तर शिकवणी बंद करू या. तिसरीचं तर आहे. तुम्हीच घ्या तिचा अभ्यास."

मी हो म्हणालो. घरी बसलेल्या माणसाने नाही म्हणायला काही जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. गणित मला यायचं. परिसर अभ्यासाचं पुस्तक इंग्रजीत असलं तरी चित्रं होती. इंग्रजीच्या धड्यातले शब्द मी शब्दकोशात पाहून ठेवायचो आणि मुलगी शाळेतून आली की आधीपासून माहीत असल्यासारखे सांगायचो.

मग एक दिवस तिने वहीत उतरवून आणलेला स्वाध्याय पुढे ठेवला. पाच वाक्यं होती, आणि वर लिहिलं होतं की प्रत्येक वाक्यातल्या सब्जेक्टखाली रेघ ओढा आणि प्रेडिकेटला गोल करा.

"सब्जेक्ट म्हणजे काय, बाबा?" ती म्हणाली.

"सब्जेक्ट म्हणजे विषय," मी म्हणालो. "मॅथ्स एक सब्जेक्ट, सायन्स एक सब्जेक्ट."

तिने पहिलं वाक्य वाचलं. "द काऊ ईट्स ग्रास. म्हणजे हे सायन्स?"

आम्ही दोघं वहीकडे पाहत राहिलो. गाय गवत खाते हे सायन्स असेल, पण त्याच्याखाली रेघ कशी ओढायची? मी दहावीत घेतलेला छोटा शब्दकोश काढला. त्यात सब्जेक्टपुढे तीन शब्द होते: विषय, प्रजा, उद्देश्य. प्रजा असण्याचं काही कारण दिसेना, कारण वाक्यात कुठे राजा नव्हता. राहिलं उद्देश्य. ते वाचल्यावर मला हायसं वाटलं. उद्देश्य म्हणजे उद्देश, हेतू. शाळेत आम्हालाही उद्देश्य आणि विधेय असं काहीतरी शिकवलेलं होतं, पण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करून दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचं होतं, आणि मी तसं केलं होतं. प्रेडिकेटपुढे नुसतं विधेय लिहिलं होतं. मला बातम्यांमुळे विधेयक माहीत होतं, विधानसभेत मांडतात ते. विधेय माहीत नव्हतं.

मी तिला म्हणालो, "हे बघ, वाक्याचा उद्देश काय आहे ते शोधायचं. गाय गवत खाते. यात गाय कशासाठी आलीय?"

"गवतासाठी."

"मग गवताखाली रेघ ओढ. उरलेल्याला गोल कर."

तिने पट्टी घेऊन ग्रासखाली सरळ रेघ ओढली. पुढचं वाक्य, सूर्य पूर्वेला उगवतो. त्याचा उद्देश पूर्व दिशा सांगणं हा होता, तेव्हा पूर्वेखाली रेघ. तिसरं वाक्य होतं, माय फादर वर्क्स इन अ फॅक्टरी. ते वाचून ती थांबली.

"बाबा, हे आता खरं नाहीये ना. खरं नसलं तरी त्याला सब्जेक्ट असतो?"

"व्याकरणात खरं-खोटं नसतं," मी म्हणालो. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते मला आजही माहीत नाही, पण पुढे मला कळलं की ते बरोबर होतं. त्या अख्ख्या संध्याकाळी मी बरोबर सांगितलेलं तेवढं एकच. फॅक्टरीखाली रेघ ओढली. राहिलेली दोन वाक्यंही आम्ही अशीच उरकली. मला पद्धत सापडल्यासारखी वाटत होती, आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच दिवस कामाचा गेला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहीत पाचही ठिकाणी लाल फुल्या आल्या. खाली टीचरने लिहिलं होतं, हे तुला कोणी सांगितलं? मुलगी रडली नाही. तिने वही दप्तरात घातली आणि म्हणाली, "मी म्हटलं, माझं मीच केलं."

मला ते फार लागलं. तिने खोटं बोलायला नको होतं असं सांगावं असं मनात आलं, पण ते कोणासाठी बोलली हे दिसत होतं. त्यानंतर चार-पाच दिवस ती इंग्रजीचा अभ्यास करताना डावा हात वहीवर आडवा ठेवून बसायची. मी जवळून गेलो की हात आणखी पुढे सरकायचा.

विचारायला लाजायचं नाही हे घरातलं शिक्षण होतं, म्हणून मी तळमजल्यावर गेलो. तिथे आमच्या सोसायटीचे चेअरमन राहायचे. एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले, जिन्यात भेटले की नमस्काराला नमस्कार, त्यापुढे काही नाही. मी दारातच विचारलं, "अहो सर, सब्जेक्ट आणि प्रेडिकेट म्हणजे काय हो?"

"कशाला हवंय?"

"मुलीचा अभ्यास आहे."

"मग तिच्या शाळेला फी कशाची देता?"

मी तिथेच उभा राहिलो. मी जात नाही असं पाहून त्यांनी चष्मा लावला. "ज्याच्याबद्दल बोलतो ते सब्जेक्ट. त्याच्याबद्दल जे बोलतो ते प्रेडिकेट. सोपं आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे गाय गवत खाते, यात गाय?"

"अर्थात."

"का? आपण गवताबद्दलही बोलतोय की."

"तुम्ही बोलत असाल," ते म्हणाले. "वाक्य बोलत नाही."

वर येताना मी जिन्यात थांबलो. मी बोलतो एका गोष्टीबद्दल आणि माझं वाक्य बोलतं दुसरीबद्दल, हे कसं होतं? त्या दिवशी मुलीला थोडा ताप होता. "तिला ताप आलाय," असं मी सकाळी बायकोला सांगितलं होतं. मी मुलीबद्दल बोलत होतो यात शंका नव्हती. पण आला कोण? ताप आला. मग वाक्य तापाबद्दल होतं का? आणि मुलगी त्यात कोण? असा विचार मी आधी कधी केला नव्हता. चाळीस वर्षं मी वाक्यं बोलत होतो आणि त्यांच्या आत कोण कोण बसलंय ते मला ठाऊक नव्हतं. घरात आल्यावर बायकोने विचारलं, "कळलं का?" मी म्हणालो, "आधी थोडं कळत होतं."

ती हसली नाही. तिच्या पोस्टात कॅम्पातल्या एक बाई बचत खात्याच्या कामासाठी यायच्या. बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता घरीच क्लास घ्यायच्या. "त्यांना विचारते," बायको म्हणाली. "भाषा इतकी स्वच्छ आहे त्यांची. मराठीपण."

असा मी त्या क्लासला जायला लागलो. बाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कॅम्पातलं. खाली भावाचं चष्म्यांचं दुकान आणि वर एका लांबट खोलीत बाक टाकलेले. बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात खडू घेऊन उभ्या असायच्या. विद्यार्थी सगळे विशी-बाविशीतले होते, कॉल सेंटरच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या मुलाखतीला जाणारे. ते आपापसात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलायचे. मी मागच्या बाकावर बसलो तेव्हा पुढच्या दोघांना वाटलं मी कोणाला तरी न्यायला आलोय.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "आपल्याला बोलायला शिकायचंय की लिहायला?"

"मला सब्जेक्ट शिकायचाय."

"कोणता सब्जेक्ट?"

"सब्जेक्टच," मी म्हणालो.

वर्गात हशा पिकला. बाईंनी हात वर केला आणि तो थांबला. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, शब्दकोश, उद्देश्य, गवत, चेअरमन, ताप. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आपलं गवत चुकलं, पण विचार करण्यात आळस नाही. आता एक करा. सगळ्या व्याख्या विसरा. आधी वाक्यात काय घडतंय ते पाहा. मग विचारा, कोण? बस."

त्यांनी फळ्यावर गाईचं वाक्य लिहिलं. काय घडतंय? खाणं. कोण खातंय? गाय. गाय सब्जेक्ट, राहिलं ते प्रेडिकेट. सूर्य, बाबा, सगळे आपापल्या जागी बसले. मी बसने घरी आलो ते वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत आणि प्रत्येक पाटीला 'कोण?' विचारत. पाट्यांवर बहुतेक वेळा कोणीच काही करत नव्हतं, एवढं लक्षात आलं.

मुलीला मी ती युक्ती सांगितली. तिने वहीवरचा हात काढला, पण जरा सावधपणेच. पहिली तीन वाक्यं तिने भराभर केली. चौथं होतं, झाडावर दोन पक्षी आहेत. देअर आर टू बर्ड्स ऑन द ट्री.

"काय घडतंय?" मी विचारलं.

"आर."

"कोण आर?"

"देअर," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही, पण युक्तीत बसत होतं. पाचवं होतं, क्लोज द विंडो. काय घडतंय? बंद होतंय. कोण बंद होतंय? खिडकी. दोन्ही चुकली. या वेळी मात्र मुलीने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "तुमच्या बाईंना विचारा." तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्याच वर्गातला दुसरा मुलगा नापास झाला की जसं बोलतात तसं ती बोलली.

बाईंनी सांगितलं, पक्षी हे सब्जेक्ट, देअर नुसतं दार उघडून देतं. खिडकीच्या वाक्यात सब्जेक्ट आहे 'तू', फक्त तो लिहिलेला नाही.

"लिहिलेलाच नाही, मग रेघ कशाखाली ओढायची?"

"रेघ ओढायची नाही. समजून घ्यायचं."

मुलीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "हो, टीचर म्हणाल्या, यू लपून बसलाय." तिला त्यात काही अडचण दिसली नाही. घरात लपाछपी खेळणारं मूल जसं पडद्यामागे कोणीतरी आहे हे धरून चालतं, तसं तिने ते धरलं. मला मात्र हुकमाच्या वाक्यात हुकूम ज्याला सोडला तोच दिसत नाही याचं राहून राहून नवल वाटत होतं. कारखान्यात मी वीस वर्षं अशीच वाक्यं ऐकली होती. हे उचल, ते ठेव, इथे सही करा.

पुढच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं, इट इज फाइव्ह ओक्लॉक. पाच वाजले. मी हात वर केला. "यात सब्जेक्ट कोण?"

"इट."

"इट म्हणजे कोण?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "इंग्रजी वाक्याला सब्जेक्टची जागा मोकळी ठेवलेली चालत नाही. कोणी नसलं तर इटला बसवतात."

"आणि जो असतो त्याला लपवतात?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "तसं म्हटलं तर, हो." पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून म्हणाला, "काका, सब्जेक्ट-बिब्जेक्ट सोडा. कॉन्फिडन्स पायजे. बोलत सुटायचं."

मला ते जमलं नसतं. मी आयुष्यभर चीर शोधत आलेला माणूस. एक वाक्य नीट उभं राहिल्याशिवाय दुसरं बोलायची माझी तयारी नव्हती. आणि मग बाईंनी कर्मणी प्रयोग काढला. द विंडो वॉज ब्रोकन, खिडकी फोडली गेली. युक्तीप्रमाणे मी विचारलं, कोणी फोडली? वाक्यात तो नव्हता. सब्जेक्ट होती खिडकी.

"पण खिडकीने काहीच केलेलं नाही," मी म्हणालो.

"बरोबर. तिचं केलं गेलं. तरी सब्जेक्ट तीच."

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही असं बायको सांगते. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी गच्चीत उभा राहून स्वतःशी वाक्यं करत होतो. जो करतो तो सब्जेक्ट. ज्याचं केलं जातं तोही सब्जेक्ट. कोणी नसलं तरी सब्जेक्ट. मग सब्जेक्ट नाही असा या जगात उरतो कोण? मराठीत आम्हाला कर्ता शिकवला होता, आणि घरात कमावणाऱ्यालाही लोक कर्ता पुरुष म्हणतात. आमच्या घरात तो आता पोस्टाच्या काउंटरवर बसत होता. बायकोला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काहीतरीच डोक्यात घेऊन बसता. भात गार होतोय."

सहामाही परीक्षेत मुलीला व्याकरणात चांगले मार्क मिळाले. तिला पद्धत कळली होती की सवय झाली होती, मला सांगता येणार नाही. क्लास बंद करायला आता हरकत नव्हती, पण मी जात राहिलो. तिथेच एकाने सांगितलं की विमाननगरच्या बाजूला नवीन झालेल्या एका काचेच्या इमारतीत, कॉल सेंटरमध्ये, गाड्यांच्या विभागात अनुभवी माणूस हवाय. रात्रपाळीच्या मुलामुलींना घरून आणायचं आणि सोडायचं, त्याची आखणी. इंग्रजी थोडं लागेल.

बाईंनी माझी तयारी करून घेतली. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की काय सांगायचं, ते मी दहा वेळा बोलून दाखवलं. माझी वाक्यं 'आय'शिवायच सुरू व्हायची. वर्क्ड इन कंपनी. चेक्ड गिअर्स. बाई दर वेळी विचारायच्या, "हू?" आणि मी म्हणायचो, "मी." मराठीत मी असा सारखा मी-मी म्हणत नव्हतो. कारखान्यात आम्ही म्हणायचो, काम झालं साहेब. मी केलं असं कोणी म्हणत नव्हतं, आगाऊपणा वाटला असता. आता प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी मी उभा. ऐकताना मलाच लाज वाटायची.

मुलाखत घेणारी मुलगी फार तर पंचवीस वर्षांची होती. खोलीत एसीने हात गार पडले होते. तिने विचारलेल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी बाईंनी बसवून घेतली तशी दिली, आय घालून. मग तिने विचारलं, आधीची कंपनी तुम्ही का सोडलीत?

याची तयारी आम्ही केली नव्हती. मनात लगेच आलं, नोकरी सुटली. ते इंग्रजीत कसं म्हणायचं? सुटली यात सोडणारा नाहीच. आय लेफ्ट द कंपनी म्हटलं तर सोडणारा मी, आणि मी ती सोडलेली नव्हती. द कंपनी लेफ्ट मी म्हटलं तर कंपनी गाव सोडून गेल्यासारखं वाटत होतं, आणि ती तर तिथेच होती, मुंबई-पुणे रस्त्यावर, नवीन रंग देऊन. बाईंची खिडकी आठवली. मी गडबडीत म्हणालो, "आय वॉज टेकन व्हॉलंटरी रिटायरमेंट."

तिने मान वर केली. "सर, यू टुक इट ऑर यू वेअर मेड टू टेक इट?"

सही माझी होती. पेनही माझं होतं. पण कॅन्टीनमध्ये मी स्वतःहून बसलो नव्हतो.

"बोथ, मॅडम," मी म्हणालो.

ती थोडी हसली, मग तिने समोरचा कागद उलटा ठेवला. "काका, मराठीत सांगा ना. माझ्या बाबांचंही असंच झालं, भोसरीला."

मग मी मराठीत सांगितलं. यंत्रं कशी आली, कोणाच्या घरी काय झालं, माझ्या बाकावरच्या मित्राने गावी लोणी काळभोरला जाऊन कशी जीप घेतली आणि तो ती भाड्याने कशी चालवायला लागला. तिने त्याच्याबद्दल आणखी विचारलं. त्या बाजूचे गाडीवाले मी ओळखतो का? हडपसर, मांजरी, लोणी, या रस्त्यांची मला माहिती आहे का? मी ओळखत होतो. ती म्हणाली, "आम्हाला नेमकं तेच हवंय. इंग्रजीचं बघू." मला नोकरी इंग्रजीसाठी मिळाली की इंग्रजी न आल्यामुळे मिळाली, हे मी बाहेर पडताना नक्की सांगू शकलो नसतो.

बाईंना सांगायला गेलो तर त्या फळा पुसत होत्या. मी ते वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "व्याकरण चुकलं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुरुस्त कसं करावं ते मात्र मलाही सांगता येत नाही. दोन्हीपैकी एक निवडावं लागेल." मी विचारलं, "कोणतं?" त्या म्हणाल्या, "ते आपण ठरवायचं." मी ठरवलं नाही.

कामाला लागल्यावर रोज संध्याकाळी साहेबांना इंग्रजीत मेल पाठवावी लागायची. कुठली गाडी कुठे अडली, किती उशीर झाला, का झाला. एकदा पाचच्या सुमाराला लोणी काळभोरच्या एका ड्रायव्हरचा फोन आला. "सायेब, गाडी बंद पडलीया बगा. मांजरीच्या म्होरं हाय." मुलामुलींना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, आणि मी मेल लिहायला घेतली. रेडिएटरमध्ये पाणी घातलं नव्हतं, ते त्याने घालायला हवं होतं, मी सकाळी विचारायला हवं होतं, आणि कंत्राटदाराने जुनी गाडी पाठवायला नको होती. सब्जेक्ट तिघे होते. मी तिन्ही वाक्यं लिहून पाहिली आणि तिन्ही पुसली. शेवटी लिहिलं, द कॅब हॅज ब्रोकन डाउन.

ड्रायव्हर ऑफिसात आला तेव्हा त्याने विचारलं, "काय लिवलं, सायेब?"

"गाडी बंद पडली असं लिहिलंय."

"कुणी पाडली ते?"

"ते नाही लिहिलं. इंग्रजीतही गाडी आपली आपण पडते."

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. एकच शब्द होता, नोटेड. मी तो वाचला आणि सवयीने विचारलं, कोणी? मग विचारलं, काय? शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काका, काही बोललात?" मी म्हणालो, "नाही," आणि संध्याकाळच्या गाड्यांचं पाहायला लागलो.